पिल्लाचे केस गळू लागले? घाबरू नका, पण डोळेझाकही करू नका

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच आमच्या ओळखीचे एक गुरुजी आत आले. एका हातात साखळी, साखळीला सात महिन्यांचा पांढरा पोमेरेनियन, नाव मोती. दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, केसांनी गच्च भरलेली. ती पिशवी टेबलावर ठेवून गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे एका सकाळचे केस आहेत. चहात केस, अंथरुणात केस, देवघरात केस. घरात पाच महिन्यांची नात आहे. आमच्या मंडळींनी निकाल देऊन टाकलाय. रविवारपर्यंत केस थांबले नाहीत तर मोतीला शेतावर नेऊन सोडायचे."

मोती मात्र शेपूट हलवीत माझ्या बुटांचा वास घेत होता. त्याला तपासले. नाकावर आणि पायांवर केस आखूड झालेले, मांड्यांवर कापसासारखे पुंजके लोंबत असलेले, पाठीवर मधोमध चमकदार, राठ केसांचा एक पट्टा उगवत असलेला. कातडी मात्र स्वच्छ, गुलाबी. खाज नाही, वास नाही, खवले नाहीत. मी गुरुजींना विचारले, "याचे दुधाचे दात पडले का?" ते म्हणाले, "हो, मागेच पडले. एक तर सतरंजीवर सापडला." मी म्हणालो, "मग आता दुधाचे केस पडत आहेत, इतकेच!"

दर वर्षी अशी दहा-वीस पिल्ले तरी माझ्याकडे येतात. काही मालक घाबरून येतात, काही वैतागून येतात. आणि काही येतच नाहीत. त्यांची पिल्ले पुढे रस्त्यावर दिसतात. म्हणून आजच्या लेखात हा विषय जरा सविस्तर पाहू.

लहानपणीची लव आणि मोठेपणीचा कोट

पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर मऊ, आखूड लव असते. त्या वेळी त्वचेच्या एका छिद्रातून साधारणपणे एकच केस येतो. वय वाढते तशी या छिद्रांची रचना बदलते. मोठ्या कुत्र्यात एकाच छिद्रातून एक जाड, लांब केस आणि त्याच्याभोवती अनेक बारीक, मऊ केस असा झुपकाच बाहेर येतो. जाड केस ऊन, पाऊस, काटेकुटे यांपासून अंग राखतात. आतले मऊ केस ऊब धरून ठेवतात. पोमेरेनियन, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास अल्सेशियन म्हणतात तो, या सर्व जातींत असा दुहेरी कोट असतो. मुधोळ किंवा कारवान जातीच्या कुत्र्यांचा कोट आखूड आणि विरळ असतो. त्यांचेही केस बदलतात, पण त्याचा फारसा गाजावाजा होत नाही.

प्रत्येक केसाला आयुष्याच्या तीन अवस्था असतात. आधी तो वाढतो, मग वाढ थांबते, मग तो काही काळ नुसता विसावतो. खालून नवा केस वर येऊ लागला की विसावलेला जुना केस गळून पडतो. पूडलसारख्या जातीत वाढीची अवस्था फार लांब असते, म्हणून त्याचे केस कमी गळतात, पण वरचेवर कापावे लागतात. पोमेरेनियन, लॅब्रॅडॉर किंवा अल्सेशियन यांच्यात विसाव्याची अवस्था लांब असते, त्यामुळे एकाच हंगामात ढिगाने केस गळतात.

दुधाची लव जाऊन मोठेपणीचा कोट येण्याचे काम साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात सुरू होते. लहान केसांच्या जातीत ते लवकर आटोपते. पोमेरेनियनसारख्या झुबकेदार जातीत वर्षभराचा होईपर्यंत, कधी त्याहूनही पुढे ते रेंगाळते. मधल्या काळात पिल्लू अगदी ओंगळ दिसते. तोंड माकडासारखे, पाय काटकुळे, शेपटी उंदरासारखी. "डॉक्टर, आम्हाला फसवून भलतीच जात गळ्यात मारली," अशी तक्रार घेऊन लोक येतात ती याच वयात. रंगातही बदल होतो. अल्सेशियनची पिल्ले जन्मतः बरीच काळी असतात आणि पुढे उजळत जातात. यात काळजीचे काही नाही.

त्यानंतर आयुष्यभर हंगामी गळती चालू राहते. ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवर, म्हणजे उजेडावर अवलंबून असते. उन्हाळ्याआधी आणि हिवाळ्याआधी ती वाढते. जी कुत्री सतत घरात, दिव्याच्या उजेडात आणि पंख्याखाली राहतात त्यांचे हे वेळापत्रक बिघडते आणि थोडेथोडे केस बारा महिने गळत राहतात.

गळती नैसर्गिक आहे हे कसे ओळखावे?

यासाठी मोठ्या तपासण्यांची गरज नाही. दिवसाच्या उजेडात पिल्लाला अंगणात बसवा आणि पुढील गोष्टी पाहा.

केस दोन्ही अंगांनी सारखे गळत आहेत का? डाव्या मांडीवर जसे, तसेच उजव्या मांडीवर असले पाहिजे. केस बाजूला सारून कातडी पाहा. ती स्वच्छ हवी. लाल चट्टे, पुळ्या, खपल्या, कोंडा नको. जुने केस गेले तेथे नवे केस उगवताना दिसले पाहिजेत. केस विरळ होतील, पण उघडी कातडी दिसेल असे टक्कल पडणार नाही. पिल्लू अंग खाजवीत, पाय चावीत बसलेले नसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ते नेहमीसारखे खाते, खेळते, भुंकते का?

या सर्व प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर डोके शांत ठेवा आणि हातात कंगवा घ्या. ही गळती कोणत्याही औषधाने थांबत नाही आणि थांबवायचीही नसते. जे केस गळायचे आहेत ते गळणारच. ते घरभर पडू द्यायचे की कंगव्यात गोळा करायचे, एवढेच आपल्या हाती असते.

विंचरणे हाच खरा उपाय

गळतीच्या दिवसांत दररोज दहा ते पंधरा मिनिटे विंचरावे. एरवी आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. जागा घराबाहेरची असावी: अंगण, ओसरी किंवा गच्ची. खाली जुनी चादर अंथरावी म्हणजे केस उडत नाहीत आणि चादर झटकली की काम झाले.

झुबकेदार केसांसाठी बारीक तारांचा ब्रश आणि रुंद दातांचा धातूचा कंगवा, एवढ्या दोन वस्तू घ्याव्यात. लॅब्रॅडॉरसारख्या आखूड केसांसाठी दाणेदार रबरी हातमोजा किंवा रबरी ब्रश चांगला. दुकानात आतले केस काढणारी पात्याची महागडी साधनेही मिळतात. ती जोराने वापरली तर चांगले केस तुटतात आणि कातडी सोलते. पिल्लासाठी त्यांची गरज नाही.

विंचरण्याआधी पाण्याचा हलका फवारा मारावा. अगदी कोरडे केस विंचरले की ते तुटतात आणि हवेत उडतात. डाव्या हाताने केसांचा एक थर वर उचलून धरावा आणि खालचे केस मुळापासून टोकाकडे विंचरावेत. मग पुढचा थर सोडावा. नुसते वरवर विंचरले तर वरचे केस चकचकीत दिसतात आणि आत गुंता तसाच राहतो. कानामागे, काखेत, जांघेत आणि शेपटीखाली गुंता हमखास होतो. तेथे हात हलका ठेवावा. गुंता ओढू नये, बोटांनी सोडवावा. कात्रीने कापताना कातडी चिमटीत येऊन जखम झालेली पिल्ले माझ्याकडे नेहमी येतात.

पहिल्या दिवशी दोनच मिनिटे विंचरा, नंतर एखादा खाऊ द्या, पाठ थोपटा. आठ दिवसांत पिल्लू कंगवा पाहून स्वतःच येऊन बसते. लहान वयात ही सवय लावली नाही तर मोठेपणी तोच कुत्रा कंगवा पाहून गुरगुरतो. विंचरण्याचा आणखी एक फायदा असा की गोचीड, पिसवा, गाठ, जखम जे काही असेल ते वेळेवर हाताला लागते.

अंघोळ किती वेळा?

केस गळतात म्हणून रोज अंघोळ घालणारे लोक आहेत. त्याने त्वचेतले तेल निघून जाते, कातडी कोरडी पडते आणि गळती उलट वाढते. निरोगी पिल्लाला तीन-चार आठवड्यांतून एकदा अंघोळ पुरे. लसीकरण चालू असलेल्या अगदी लहान पिल्लाला ओल्या फडक्याने पुसून घेणे बरे.

आपला अंगाचा साबण, कपड्याचा साबण किंवा आपला शाम्पू वापरू नये. माणसाची कातडी आम्लधर्मी असते. कुत्र्याची त्या मानाने उदासीन असते, म्हणून त्याच्यासाठी बनवलेला सौम्य शाम्पूच घ्यावा. अंघोळीपूर्वी विंचरून गुंता काढावा, कारण ओला झालेला गुंता अधिकच आवळतो. पाणी कोमट असावे, कानात जाऊ देऊ नये आणि फेस पूर्ण निघेपर्यंत धुवावे. दुहेरी कोटाचे कुत्रे वरून कोरडे दिसले तरी आत ओले राहते. पावसाळ्यात अशा ओल्या अंगाला दोन दिवसांत कुबट वास येतो आणि पुरळ उठते. म्हणून टॉवेलने टिपून, वारा लागेल अशा जागी पूर्ण वाळवावे. अंघोळीनंतर दोन दिवस केस जास्तच गळतात. सैल झालेले केस एकदम सुटतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

दूध-पोळीवर कोट येत नाही

केस हे जवळजवळ सगळेच प्रथिनांचे बनलेले असतात. कुत्रा जेवढी प्रथिने खातो त्यांपैकी पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक नुसत्या त्वचेला आणि केसांना लागतात. आपल्याकडे पिल्लाला काय मिळते? सकाळी दूध-पोळी, रात्री दूध-भात. पोट भरते, वजनही वाढते, पण नवा कोट उगवायला लागणारा माल शरीरात येत नाही. मग जुनी लव जाते आणि नवे केस राठ, निस्तेज, विरळ येतात.

मांसाहार चालणाऱ्या घरांत उकडलेले अंडे, शिजवलेले चिकन, काटे काढून उकडलेली मासळी द्यावी. अंडे कच्चे देऊ नये. कच्च्या पांढऱ्या बलकातला एक घटक बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून ठेवतो आणि बायोटिन तर केसांसाठीच लागते. शाकाहारी घरांत पनीर, दही, नीट शिजवलेली डाळ, भिजवून शिजवलेले सोयाबीनचे तुकडे देता येतात. मात्र वाढत्या पिल्लाला केवळ शाकाहारावर ठेवायचे तर आहार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावा. परवडत असेल त्यांनी पिल्लांसाठीचा तयार आहार वयाप्रमाणे द्यावा. जेवणात लहान चमचाभर जवसाचे किंवा सूर्यफुलाचे तेल घातल्याने कोटाला तकाकी येते. याचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, चार दिवसांत काही दिसत नाही म्हणून सोडून देऊ नये.

एक इशारा. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने कॅल्शियमची बाटली आणून पाजू नये. कॅल्शियम जास्त झाले की जस्त हे खनिज अंगी लागत नाही. मग तोंडाभोवती, डोळ्यांभोवती आणि पायांवर खपल्या धरतात, केस जातात. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडेही बिघडतात. त्याचप्रमाणे कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे कुत्र्याला घातक आहेत. रस्सा-भाकरी घालताना त्यात कांदा-लसूण असतो हे लक्षात ठेवावे.

कृपया भादरू नका

मार्च उजाडला की "गरमी होते म्हणून याचे सगळे केस उतरवून द्या" अशी मागणी सुरू होते. दुहेरी कोटाच्या कुत्र्याचे केस मुळापासून उतरवणे चुकीचे आहे. तोच कोट उन्हाची धगही आत येऊ देत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग थंड करतो. भादरलेल्या कातडीला उन्हाचे चटके बसतात. पोमेरेनियनमध्ये तर भादरलेले केस महिनोन्महिने येत नाहीत, आले तरी ठिगळे दिसतात. आतले सुटे केस विंचरून काढले की हवा खेळते. सावली, पंखा आणि भरपूर पाणी दिले की पुरे. पोटाखालचे, तळव्यांतले आणि गुदद्वाराभोवतीचे केस स्वच्छतेसाठी आखूड करण्यास हरकत नाही.

माझी एक चूक

आता थोडे माझ्याविषयी. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांचा फोन आला. आठ महिन्यांच्या लॅब्रॅडॉरचे केस गळतात म्हणाले. मी घाईत होतो. "वयाचा परिणाम आहे, विंचरत राहा," असे सांगून फोन ठेवला. तीन आठवड्यांनी ते कुत्र्याला घेऊन आले, सोबत त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगाही होता. कुत्र्याच्या डोक्यावर आणि पुढच्या पायावर रुपयाएवढे गोल चट्टे होते आणि मुलाच्या मानेवर तसाच लाल, गोल कडा असलेला चट्टा. ते गजकर्ण होते. कुत्र्याचे मुलाला लागले, मुलाचे आईच्या हाताला. सगळे बरे झाले, पण कुत्र्यावर दोन महिने औषध चालले. मुलाला पंधरा दिवस शाळेत पाठवले नाही. मी त्या दिवशी "आणून दाखवा" हे दोन शब्द बोललो असतो तर हे टळले असते. तेव्हापासून केसगळतीचे निदान मी फोनवर करीत नाही. हल्ली लोक मोबाईलवर फोटो पाठवतात. फोटोत केस दिसतात, कातडी दिसत नाही.

म्हणून पुढील आजार वाचकांनी लक्षात ठेवावेत.

लूत. हिचे दोन प्रकार. पहिल्यात केसांच्या मुळाशी राहणारे सूक्ष्म किडे वाढतात. हे किडे पिल्लाला जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून मिळतात. तीन महिने ते दीड वर्ष या वयात, म्हणजे नेमके केस बदलण्याच्या वयात, डोळ्यांभोवती, ओठांच्या कोपऱ्यात आणि पुढच्या पायांवर टक्कल पडते. सुरुवातीला खाज फारशी नसते, म्हणून फसगत होते. हा प्रकार माणसाला लागत नाही. एखाददुसरा चट्टा आपोआपही बरा होतो, पण पसरू लागला तर उपचार हवेतच. दुसऱ्या प्रकारात खाज भयंकर असते. कानांच्या कडा, कोपरे आणि टाचा उघड्या पडतात. हा प्रकार एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागतो आणि घरातल्या माणसांच्याही हातांना, पोटाला खाज सुटते.

गजकर्ण. हा बुरशीचा रोग. गोल चट्टे, तुटलेले केस, कडेला कोंडा. लहान मुलांना चटकन लागतो. गळलेल्या केसांवर या बुरशीचे बीज अनेक महिने टिकते, म्हणून घराची सफाईही औषधाइतकीच महत्त्वाची.

गोचीड आणि पिसवा. शेपटीच्या मुळाशी केस गेले आणि पिल्लू तेथेच चावत बसले तर पिसवा शोधा. गोचिडांमुळे रक्तातले आजार होतात. ताप, खाणे सोडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये.

कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की लूत आहे की नाही हे थोड्याच वेळात कळते. ही तपासणी स्वस्त आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने आहेत, तेथे चौकशी करावी. चट्टा दिसला की कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइडचे मलम चोळू नये. त्याने लाली दोन दिवस जाते आणि आतला रोग फोफावतो.

घरगुती उपायांबाबतही सांगणे भाग आहे. रॉकेल, जळलेले इंजिन ऑइल, फिनेल, गोठ्यात फवारायचे कीटकनाशक यांपैकी काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नये. कुत्रा अंग चाटतो आणि विष पोटात जाते. घरात मांजर असेल तर ही कीटकनाशके तिच्या जिवावर बेततात. ओळखीच्या माणसाकडून आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन टोचून घेऊ नये. कोली आणि तत्सम जातींना त्याची जास्त मात्रा प्राणघातक ठरते. गोचीड आणि लूत यांवर आज तोंडाने देण्याच्या चांगल्या गोळ्या मिळतात. त्या वजनाप्रमाणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्याव्यात. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर ते आधी सांगावे.

केस आणि घरातले बाळ

गुरुजींच्या घरातला खरा प्रश्न हाच होता. "कुत्र्याचा केस पोटात गेला की दमा होतो," असे आजीबाईंचे म्हणणे. केस पोटात गेला तर तो शौचावाटे निघून जातो. दमा किंवा ॲलर्जी होते ती केसामुळे नव्हे, तर कुत्र्याच्या कोंड्यातील आणि लाळेतील प्रथिनांमुळे. ती केसांना चिकटून घरभर पसरतात. ज्यांना मुळात तशी प्रवृत्ती आहे त्यांना शिंका, डोळ्यांना खाज, धाप असा त्रास होतो. घरात कोणाला दमा असेल, किंवा कुत्रा आल्यापासून बाळाची छाती वाजू लागली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावे. एरवी केवळ केसांना घाबरून जाण्याचे कारण नाही.

मात्र जुन्या माणसांच्या बोलण्यात एक तथ्य आहे. कुत्र्याच्या पोटात जंत असतील तर त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडून अंगाच्या केसांनाही चिकटतात. हात न धुता जेवले की ती माणसाच्या पोटात जातात. एका प्रकारच्या फीतकृमीमुळे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या मोठ्या गाठी होतात. शेळ्या-मेंढ्यांचे कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्याला खायला मिळाले की त्याला हा जंत होतो. तेव्हा दोष केसाचा नाही, जंताचा आहे आणि जंतावर इलाज आहे. पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. कच्चे मांस आणि खाटकाकडचे टाकाऊ अवयव देऊ नयेत. पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात सुरू करून पुढे दर वर्षी चुकवू नये.

घर झाडताना कोरडा केरसुणीचा झाडू मारला की केस उडून पुन्हा खालीच बसतात. आधी ओले फडके फिरवावे. गादी, सतरंजी यांवरून ओलसर रबरी हातमोजा फिरवला की केस गोळा होतात. कुत्र्याची बसायची जागा ठरवून तेथे धुता येईल अशी चादर घालावी आणि ती आठवड्याला धुवावी. बाळाची झोळी, स्वयंपाकघर आणि देवघर येथे त्याला येऊ देऊ नये. गोळा केलेले केस मोरीत सोडू नयेत, मोरी तुंबते. आणि बाळ व कुत्रा यांना कधीही एकटे सोडू नये, कुत्रा कितीही गरीब असो.

शेतावर सोडणे म्हणजे काय?

गुरुजींना मी एवढेच विचारले, "शेतावर राखणीला कोणी आहे का?" ते गप्प राहिले. घरात वाढलेले पिल्लू शेतावर सोडले की तेथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत. रस्ता त्याला ओलांडता येत नाही, अन्न शोधता येत नाही. गोचीड आणि भूक उरलेले काम करतात. जे जगते ते लसीवाचून फिरते आणि पुढे गावालाच धोका होते. पाळलेले जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. खरोखरच सांभाळणे अशक्य असेल तर माहितीतले चांगले घर शोधून, लसीच्या कार्डासह द्यावे. पण दोन-तीन महिन्यांच्या केसांसाठी दहा-बारा वर्षांचा सोबती घालवू नये.

त्या दिवशी गुरुजी कंगवा, जंताचे औषध आणि आहाराची चिठ्ठी घेऊन गेले. परवा लस द्यायला आले तेव्हा सोबत आजीबाईही होत्या. रोज सकाळी ओसरीवर मोतीला विंचरण्याचे काम आता त्यांनीच अंगावर घेतले आहे. "पोरं नीट विंचरत नाहीत हो," असे त्या मला म्हणाल्या. केस अजून गळताहेतच, पण चादरीवर. मानेभोवती नव्या पांढऱ्या कोटाची झालर दिसू लागली आहे.

थोडक्यात सांगायचे तर, कातडी स्वच्छ असेल, खाज नसेल, नवे केस येत असतील तर रोज विंचरा, प्रथिने द्या, धीर धरा. टक्कल, गोल चट्टा, खाज, वास, ताप किंवा घरातल्या माणसाच्या अंगावर पुरळ, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर पिल्लाला उचला आणि दवाखाना गाठा.